‘सेट’ म्हणायच्या आधी

आमच्या घरात एक इंग्रजी शब्द दिवसभर इतक्या वेळा कानावर पडतो, की मध्यंतरी मी तो मोजायलाच बसलो. सून सकाळी म्हणाली, दही अजून सेट झालं नाही. मुलानं बजावलं, वरचा स्लॅब सेट व्हायचाय, त्यावर पाय देऊ नका. शेजारचे सोफासेट बघायला निघाले. गावाकडून पुतण्याचा फोन आला, पंपसेट जळाला म्हणून. दुपारी दातांच्या डॉक्टरकडं गेलो, तर तो म्हणाला, आजोबा, आता वरचा-खालचा पुरा सेटच करावा लागंल. घरी आलो तर नात टेबलावर पुस्तकं पसरून बसलेली. तिची सेटची परीक्षा आहे. ती पास झाली की कॉलेजात शिकवता येतं म्हणे.

मी नातीला विचारलं, हा शब्द नेमका कशाचा? तिनं जाडजूड डिक्शनरी काढली आणि बोट ठेवून वाचायला लागली. ठेवणं म्हणजे सेट. सूर्य मावळणं म्हणजे सेट. एकसारख्या वस्तूंचा संच म्हणजे सेट. मोडलेलं हाड बसवणं, घड्याळ लावणं, करवतीचे दात एकाआड एक वाकवणं, नाटकाचा देखावा, टेनिसचा एक डाव. सगळं सेट. ती म्हणाली, "आबा, यातल्या एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आणि पान अजून संपलेलं नाही."

मी म्हणालो, मिटव ते. ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात पत्रा कापायची प्रेस बघितलेली नाही. या शब्दाचा अर्थ एकच आहे आणि तो मला विचारायचा.

ती हसली आणि म्हणाली, मग तुम्हीच लिहा. म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत, देवगाव रंगारीला. इंग्रजीतली मला तीनच अक्षरं काढता येतात, आणि ती याच शब्दाची आहेत. माझं अक्षर फक्त नातीला लागतं. तिनं उतरवून घेतलंय. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

मी सेटर होतो. वाळूजच्या एका कारखान्यात, तीस-पस्तीस वर्षं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली बरीच माणसं अजून कामावर आहेत. गाड्यांना लागणारे पत्र्याचे बारके भाग आम्ही करायचो. पट्ट्या, वायसर, झाकणं, कड्या. तुमच्या स्कूटरची सीट उचलली तर खाली एखादा माझ्या हातचा असंलही.

ज्यांनी कारखाना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. करंजी कापायची चिरणी असते किंवा बिस्किटाचा साचा असतो, तसंच हे काम. फरक एवढाच, की पिठाच्या जागी पोलादी पत्रा आणि हाताच्या जोराऐवजी शंभर टनांचा दाब. साच्याचे दोन भाग. खालचा मशीनच्या पाट्यावर घट्ट बसवायचा, ती डाय. वरचा हलणाऱ्या भागाला लावायचा, तो पंच. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पायानं पट्टी दाबतो, पंच खाली येतो, ठोका बसतो, माल तयार. दिवसाला हजारो ठोके. आज पट्टीची डाय, उद्या झाकणाची. दर वेळी जुनी उतरवायची, नवी चढवायची, दोन्ही भाग एकमेकांत बरोबर जातात का ते बघायचं. हे करतो तो सेटर. त्यानं ‘सेट’ म्हटलं, की ऑपरेटर मशीनमधे हात घालतो. त्याच्या आधी नाही. म्हणजे मी एक शब्द बोलायचो आणि दुसरा माणूस त्या शब्दावर आपला हात ठेवायचा. डिक्शनरीत हा अर्थ नाही.

मला हे काम हमीदचाचांनी शिकवलं. ते आमच्या कारखान्यातले पहिले सेटर. शाळा त्यांचीही जेमतेम. डाय बसवली की ते जुन्या पेपरचा तुकडा फाडून पंच आणि डायच्या मधे ठेवायचे आणि चाक हातानं फिरवून पंच हळूच खाली आणायचे. कागद चारी बाजूंनी सारखा कापला गेला तर डाय नीट. एका बाजूला कापला आणि दुसऱ्या बाजूला नुसता चुरगळला तर वाकडी. मग परत नट ढिले, परत हातोडीनं बारीक ठोका, परत कागद. पुण्याकडून एकदा गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस आले होते. त्यांच्याकडं पेटीभर मोजमापाची हत्यारं होती. त्यांनी तासभर मापं घेऊन सांगितलं की डाय थोडी डावीकडं कललीय. मी त्यांना पेपरचा तुकडा दाखवला, डावीकडून चुरगळलेला. तो मी ते यायच्या आधीच कापून खिशात ठेवला होता. त्यांनी तो मागून घेतला आणि वहीत ठेवला.

कागद नीट कापला गेला तरी चाचा ‘सेट’ म्हणायचे नाहीत. ऑपरेटरला बाजूला करून स्वतः स्टुलावर बसायचे, स्वतःच्या हातानं पत्रा ठेवायचे आणि तीन ठोके मारायचे. तीन माल काढायचे, उजेडात धरून बघायचे, सगळ्या नटांना परत पाना लावायचे. मग उठायचे. मी नवीन असताना विचारलं होतं, कागद तर कापला, मग हे कशाला? ते म्हणाले, "सेट बोलना है तो पैले अपना हाथ डालना. अपने हाथ को डर लगता ना, तो नट अपने आप कसता." चाचा गेल्यावर मी हे कधी सोडलं नाही. तीन ठोके झाले की खडूनं मशीनवर ती तीन अक्षरं काढायचो. तो खडू दिसल्याशिवाय माझ्या लाईनीतला एकही माणूस पायपट्टीला पाय लावत नव्हता.

कारखान्यातही हा शब्द दुसऱ्यांनी वापरून पार झिजवला होता. डायसेट, पान्यांचा सेट, लाईट गेली की चालायचा तो जनरेटरचा सेट. टाइम ऑफिसमधे रजा पाहिजे असंल तर सेटिंग लावावी लागायची, आणि तिला पाना लागत नव्हता. मी ते सगळं ऐकून सोडून द्यायचो. फक्त एकदा घरी अडचण झाली. मोठ्या मुलाची सोयरीक बघायला पाहुणे आले आणि त्यांनी मला विचारलं, पोरगा सेट झालाय ना? मी म्हणालो, तीन ठोके मारून बघितल्याशिवाय मी कुणालाच सांगत नसतो. पाहुणे हसले, सोयरीकही झाली, पण बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

आता खरं सांगायचं ते सांगतो.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना नवे साहेब आले. पोरगेलेसे, शिकलेले, वागायला चांगले. मला कधी अरे-तुरे केलं नाही. त्यांनी एक तक्ता आणून भिंतीवर लावला. जुनी डाय थांबल्यापासून नवीन डायचा पहिला माल निघेपर्यंत किती मिनिटं जातात, ते त्यावर लिहायचं. त्याला सेटिंग टाइम म्हणायचे. माझ्या नावापुढचे आकडे सगळ्यांत मोठे. साहेब हातात घड्याळ घेऊन माझ्यामागं उभे राहायचे. मला राग यायचा, पण मी बोलायचो नाही. मी आणखी सावकाश करायचो.

एक दिवस सकाळच्या पाळीला, चहाच्या वेळेला, सगळी लाईन जमलेली असताना साहेब हसत म्हणाले, "मामा, आपल्या दुसऱ्या प्लांटला हीच डाय तुमच्या निम्म्या वेळात बसते. तिथला सेटर तुमच्या मुलाच्या वयाचा आहे." मला सगळे मामाच म्हणायचे. दोघं-चौघं हसली. मी चहा तसाच ठेवला आणि म्हणालो, लावा घड्याळ.

चार नंबरची प्रेस होती. तिच्यावर कचरू काम करायचा. कचरू वैजापूरकडचा, धनगराच्या घरचा. गावात मेंढरं होती, भाऊ ती वळायचा, आणि हा आठवड्याला घरी जाऊन यायचा. दहा-अकरा वर्षं माझ्या लाईनीत होता. बोलणं कमी, काम स्वच्छ. मेंढरं कातरायच्या दिवसांत तेवढी रजा मागायचा, कारण त्याच्यासारखी कातर घरात दुसऱ्या कुणाला चालत नव्हती.

मी त्या दिवशी हात चालवला तो बघण्यासारखा होता, हे आजही म्हणतो. डाय उतरवली, चढवली, कागद एका फेरीत कापला. राहिला तो डाय पाट्यावर आवळायचा भाग. डायच्या कडेवर एक जाड पट्टी टेकवतात. पट्टीचं दुसरं टोक एका लोखंडी ठोकळ्यावर टेकतं आणि मधे नट आवळतात. ठोकळा डायच्या कडेइतकाच उंच पाहिजे, किंवा केसभर जास्त. कमी असला तर पट्टी मागं कलते, नट घट्ट लागतो, पण डायवरची पकड अर्धीच राहते. हे आमच्यातल्या नवख्यालाही माहीत असतं. बरोबर उंचीचा ठोकळा कपाटात होता, वीस-बावीस पावलांवर. हाताशी होता तो जरासा बुटका. जरासाच. मी तो लावला. नट आवळला. स्टुलावर बसलो नाही. तीन ठोके मारले नाहीत. खडूनं अक्षरं काढली आणि मोठ्यानं म्हणालो, "सेट."

साहेबांनी घड्याळ दाखवलं. निम्म्याहूनही कमी वेळ. लाईनीनं टाळ्या वाजवल्या. मी गार झालेला चहा प्यायला गेलो.

चहाचा ग्लास हातात असतानाच ओरडणं ऐकू आलं. एक माल डायमधे अडकला होता. तो काढायला कचरूनं हात आत घातला, पाय पायपट्टीवरून निघाला नाही, आणि पंच खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळची दोन.

त्याला दवाखान्यात नेलं. मशीन बंद करून तिला दोरी बांधली, चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणून. दोन दिवस मी सगळ्यांना एकच सांगत होतो, माझं सेटिंग कधी चुकलेलं नाही. हे मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं. इतकी वर्षं माझ्या हाताखाली कुणाचं नख गेलं नव्हतं, हे सगळा कारखाना जाणत होता.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांनी कागद तयार केला होता. मला इंग्रजी येत नाही म्हणून वाचून मराठीत सांगितलं. ऑपरेटरनं अडकलेला माल काढायचा चिमटा न वापरता हात घातला. त्याचा पाय पायपट्टीवर होता. मशीनचं सेटिंग बरोबर होतं. खाली मी साक्षीदार म्हणून सही करायची. पहिली दोन वाक्यं खरी होती. त्या कागदावरून कचरूला परत कामावर घ्यायचं की नाही ते ठरणार होतं, कारण ज्याच्या निष्काळजीपणानं अपघात झाला त्याला ठेवायचं नाही, असा वरून दंडक होता. दोन बोटं गेलेल्या माणसाला दुसरा कुणी दारात उभं करत नाही, हे वाळूजमधे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हणालो, सही करतो, पण आधी मशीन बघून येतो. तिसरं वाक्य माझं आहे, ते मी तपासल्याशिवाय त्यावर सही करणार नाही.

दोरी सोडून मी आत वाकलो. पट्टी मागं कललेली होती. डाय बोटाच्या अर्ध्या पेराएवढी सरकली होती. पंच एका बाजूला घासत होता, म्हणून मालाला खरबरीत काठ राहात होता, म्हणून माल अडकला. तो बुटका ठोकळा तिथंच होता. तीन ठोके मी मारले असते तर डाय त्या तीनांत सरकली असती का, ते मला सांगता येत नाही. सरकली असती तर आत माझा हात असता, एवढंच सांगता येतं.

ठोकळा घेऊन मी साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ठोकळा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मामा, तुमचे थोडेच दिवस राहिलेत. चिमटा वापरला नाही हे तर खरंच आहे ना? कशाला ओढवून घेता?" मी म्हणालो, चिमटा खरा आहे, तो राहू द्या. पण तिसरं वाक्य खोडा. सेटरनं ठोकळा चुकीचा लावला आणि ठोके न मारता सेट म्हणाला, असं लिहा. त्यांनी घड्याळाचं काय लिहायचं ते विचारलं. मी म्हणालो, घड्याळ तुमचं होतं, पण हात माझा होता, तेवढाच लिहा. त्यांनी लिहिलं. मी मराठीत सही केली.

मला प्रेसवरून काढलं. राहिलेले दिवस स्टोअरमधे डाय पुसायला आणि तेल लावायला बसवलं. कचरूला कामावर ठेवलं. माल तपासायच्या टेबलावर, जिथं आठ बोटांनी भागतं. साहेबांनी तेवढं वजन खर्च केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तक्ता मात्र भिंतीवरच राहिला.

आता कबूल करतो, की या सगळ्यात मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. चूक झाली, पण माणूस नमला नाही, खरं बोलला, असं लाईनीत चाललं होतं आणि ते माझ्या कानावर येत होतं. त्याच भरात मी एका रविवारी एसटीनं वैजापूरला आणि तिथून त्याच्या गावाला गेलो. कचरू अजून घरीच होता, जखम भरत आली होती.

तो अंगणात एक मेंढरू पायात दाबून बसला होता. कातर डाव्या हातात. सवय करत होता. लोकर कुठं जास्त, कुठं कमी निघत होती, मेंढरू धडपडत होतं. मला बघून तो उठायला लागला, मी त्याला बसवलं. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

मी म्हणालो, "कचरू, चूक माझी होती. कागदावर तसं लिहून दिलंय."

"कळलं मला मामा."

तो कातरतच राहिला. मी वाट बघत होतो, तो आणखी काही म्हणंल म्हणून. मग मी ठोकळ्याचं सगळं सांगितलं. पट्टी कशी कलली, डाय किती सरकली. तो म्हणाला, "मला दुसऱ्या पीसलाच दिसलं व्हतं. डाय हालली. आवाज बी बदलला."

मला कळेना. मी म्हणालो, मग थांबलास का नाही?

"तुमी सेट म्हणले व्हते."

"अरे, पण दिसलं होतं ना तुला? मी दहा पावलांवर चहा पीत होतो. हाक मारायची."

त्यानं मेंढराला सोडलं. ते अर्धं कातरलेलं तसंच पळालं. तो म्हणाला, "मागं एकदा मारली व्हती. वायसरच्या डायला. हालती म्हणलं, तर तुमी समद्या लाईनीपुढं म्हणले, मेंढरं वळणाऱ्यानं मला सेटिंग शिकवू नको. लई हासले समदे. तुमी डाय बघितली बी नाय. मग म्या ठरीवलं, आपण बोलायचं नाय."

तो रागानं बोलत नव्हता. पावसाचं, मेंढरांचं सांगावं तसं सांगत होता. आतून चहा आला. त्याला कप धरताना अजून दोन्ही हात लागत होते. मी विचारलं, हे कधीचं? त्यानं सांगितलं, धाकटी पोरगी झाली त्या साली, उन्हाळ्यात.

वायसरची ती डाय मला आठवते. कोणत्या प्रेसवर होती, तिचा कोणता नट ढिला व्हायचा, तेसुद्धा आठवतं. मी कचरूला बोललो ते आठवत नाही. त्या दिवशी परत येताना एसटीत वैजापूरपासून पडेगावपर्यंत आठवत बसलो होतो. कचरू खोटं बोलणारा माणूस नाही. मी म्हणालोच असणार. आणि तसं बोलून चहा प्यायला गेलो असणार.